अल्पसेवित वस्त्या आणि सार्वजनिक सायकल : अडथळ्यांचे स्वरूप

अमेरिकेतील नगररचनाविषयक लेखनात ‘अंडरसर्व्ह्ड’ हे विशेषण वारंवार आढळते. ज्या वस्त्यांना बँका, दवाखाने, शाळा, वाहने यांचा लाभ वाट्याप्रमाणे मिळालेला नाही, त्यांच्यासाठी ते योजिले जाते. मराठीत त्यास नेमका प्रतिशब्द नाही. ‘मागासलेली’ वस्ती म्हटले की उणेपणा वस्तीच्याच ठायी आहे असे ध्वनित होते. ‘गरीब’ हा शब्द केवळ उत्पन्नाचा निर्देश करतो. ‘वंचित’ हा त्यातल्या त्यात जवळचा; परंतु कशापासून वंचित, हे तो सांगत नाही आणि आज त्याला राजकीय अर्थाच्या अनेक छटा चिकटल्या आहेत. मूळ इंग्रजी रूप कर्मणी धातुसाधित आहे. त्यात कर्ता अध्याहृत असला तरी तो आहेच : कोणीतरी सेवा पुरवावयाची होती, ती पुरेशी पुरविली नाही. दोषाचे स्थान सेवेकडे ठेवण्याचे हे कार्य साधावे म्हणून येथे ‘अल्पसेवित’ हा शब्द वापरला आहे. तो कानाला थोडा कृत्रिम वाटेल. पण सार्वजनिक सायकलींच्या वापराविषयी गेल्या दहाबारा वर्षांत जो अभ्यास झाला, त्याचा सगळा रोख याच एका व्याकरणिक प्रश्नावर येऊन ठेपतो : न वापरण्याच्या क्रियेचा कर्ता कोण?

दुसरा शब्द ‘बाइक शेअर’. मराठी बोलणाऱ्याच्या मनात ‘बाइक’ म्हटल्यावर मोटारसायकल उभी राहते, ही अडचण किरकोळ आहे. खरी अडचण ‘शेअर’ या पदाची. वाटून घेणे, भागीदारी करणे, हा त्याचा अर्थ. आणि प्रत्यक्षात जे चालते ते अल्प मुदतीचे भाडे होय. एका ठाण्यावरून सायकल सोडवायची, दुसऱ्या ठाण्यावर अडकवायची, मधल्या वेळेचे पैसे द्यायचे. लंडनच्या योजनेने सुरुवातीपासून ‘सायकल हायर’ असेच नाव घेतले, ते अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजे. येथे ‘सार्वजनिक सायकल’ ही संज्ञा स्वीकारली आहे. ‘सार्वजनिक’ हे विशेषण कितपत सार्थ ठरते, ते पुढे दिसेलच.

या व्यवस्थेचा इतिहास एका दृष्टीने तारणाचा इतिहास आहे. इ. स. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे ‘प्रोव्हो’ या तरुणांच्या चळवळीने काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर सोडल्या. कोणीही घ्यावी, जाईल तेथे ठेवावी. कुलूपाविना सायकल ठेवणे नियमबाह्य असल्याने पोलिसांनी त्या उचलून नेल्या. ‘शेअर’ हे पद शोभले असते ते या प्रयोगाला. पुढे १९९५ मध्ये कोपनहेगनने ठाण्यांवर नाणे टाकून सायकल सोडविण्याची सोय केली. वीस क्रोनरचे नाणे, सायकल परत अडकवली की नाणे परत. हे तारण कोणालाही परवडण्याजोगे होते, परंतु नाणे टाकणारा कोण हे कळत नसल्यामुळे सायकली हरवत राहिल्या. १९९८ मध्ये फ्रान्समधील रेन येथे नोंदणी केलेल्या नागरिकास एक कार्ड देण्यात आले, आणि चोरीच्या प्रश्नाला उत्तर सापडले : वापरणाऱ्याची ओळख यंत्राला पटली पाहिजे. २००५ मध्ये लियॉं व २००७ मध्ये पॅरिस यांनी याच तत्त्वावर मोठ्या योजना उभारल्या. पॅरिसमध्ये दीडशे युरोंची रक्कम तारण म्हणून बँकेच्या मार्फत अधिकृत करून घेतली जाई. प्रत्येक पायरीवर चोरी कमी होत गेली. आणि प्रत्येक पायरीवर दार थोडे अरुंद होत गेले. या दुसऱ्या गोष्टीकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण युरोपातील बहुतेक नागरिकांच्या खिशात बँकेचे कार्ड होते आणि ज्यांच्या खिशात ते नव्हते, ते योजनाकारांच्या बैठकीत नव्हते.

अमेरिकेत ही व्यवस्था तयार स्वरूपात पोहोचली. वॉशिंग्टन येथे सप्टेंबर २०१० मध्ये, बॉस्टन येथे २०११ मध्ये, न्यूयॉर्क व शिकागो येथे २०१३ मध्ये ती सुरू झाली. सर्वत्र प्रवेशाची किल्ली म्हणजे क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. न्यूयॉर्कचे वार्षिक सदस्यत्व आरंभी ९५ डॉलरांचे होते आणि ते एकरकमी भरावे लागे. एका दिवसापुरती सायकल घेणाऱ्याच्या कार्डावर वॉशिंग्टनमध्ये व न्यूयॉर्कमध्ये सुमारे शंभर डॉलरांची रक्कम अडवून ठेवली जाई. सायकल परत न आल्यास भरावयाची रक्कम एक हजार ते बाराशे डॉलरांच्या घरात होती.

या अडवून ठेवलेल्या रकमेला इंग्रजीत ‘होल्ड’ म्हणतात. मराठी व्यवहारातील ‘अनामत’ या शब्दाने तिचा बोध होत नाही. अनामत हाताने दिली जाते, तिची पावती मिळते, ती परत घेण्याची वेळ ठाऊक असते. ‘दंड’ अपराधानंतर घेतला जातो. ‘होल्ड’ या दोहोंत बसत नाही : पैसे खात्यात आहेत, पण खर्चता येत नाहीत, कोणी घेतले नाहीत, पण हातीही नाहीत. ज्याच्या खात्यात दोन हजार डॉलर आहेत, त्याला ही गोष्ट कळतही नाही. ज्याच्या खात्यात एकशे वीस डॉलर असून शुक्रवारी पगार व्हावयाचा आहे, त्याचे मंगळवार ते शुक्रवारपर्यंतचे दूध, पाव आणि विजेचे देयक त्या एका शब्दात अडकून पडते. सायकल परत केल्यावरही रक्कम मोकळी होण्यास बँका काही दिवस घेतात. दिवसाचे भाडे दहा डॉलरांच्या आत असले, तरी ती सायकल या माणसास शंभर डॉलरांना पडते, असे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने चूक असले तरी अनुभवाच्या दृष्टीने चूक नाही.

आणि हे ज्याच्यापाशी खाते आहे, त्याच्याविषयी झाले. अमेरिकेच्या संघीय ठेव विमा महामंडळाकडून बँकखाते नसलेल्या कुटुंबांची पाहणी नियमाने होते. २०१३ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कची योजना सुरू झाली त्या वर्षी, देशातील शेकडा ७.७ कुटुंबांत कोणाचेही बँकखाते नव्हते. श्वेतवर्णीय कुटुंबांत हे प्रमाण शेकडा ३.६, हिस्पॅनिक कुटुंबांत १७.९ आणि कृष्णवर्णीय कुटुंबांत २०.५ होते. २०२३ पर्यंत एकंदर प्रमाण शेकडा ४.२ पर्यंत उतरले; तथापि कृष्णवर्णीय कुटुंबांत ते अद्याप १०.६ होते व श्वेतवर्णीयांत १.९. म्हणजे तूट कमी झाली, तरी परस्परांतील प्रमाण जवळजवळ तसेच राहिले. या आकड्यांचा इतिहास जुना आहे. १९३० नंतरच्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे जे नकाशे काढले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जास धोक्याच्या म्हणून तांबड्या रंगाने दाखविल्या. ब्रुकलिनमधील बेडफर्ड-स्टायव्हेसंट ही त्यांपैकीच एक. जेथे बँकांनी कर्ज दिले नाही, तेथे शाखाही विरळ राहिल्या. आणि ऐंशी वर्षांनंतर त्याच रस्त्यावर सायकलचे ठाणे उभे राहिले, ते बँकेचे कार्ड मागू लागले.

किंबहुना ठाणे उभे राहिले, तर. न्यूयॉर्कची योजना सरकारी पैशाविना, एका बँकेने नावासाठी दिलेल्या ४१ दशलक्ष डॉलरांच्या बळावर सुरू झाली. ज्या योजनेला आपला खर्च भाड्यातून भागवावयाचा असतो, ती जेथे दाट वस्ती, कचेऱ्या व प्रवासी अधिक तेथे प्रथम जाणार, हे उघडच आहे. पहिली ठाणी मॅनहॅटनच्या दक्षिण भागात आणि ब्रुकलिनच्या त्यास जवळच्या भागात आली. बेडफर्ड-स्टायव्हेसंटच्या मोठ्या भागात ती २०१५ मध्ये पोहोचली. अशा वेळी वापराच्या आकडेवारीवरून जे निष्कर्ष काढले जातात, त्यांत एक चक्र असते. ठाणी नाहीत म्हणून वापर नाही. वापर नाही म्हणून आवड नाही असे अनुमान. आवड नाही म्हणून ठाणी देण्याचे कारण नाही. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा अन्योन्याश्रय ओळखण्यास वेळ लागत नाही. नगरपालिकेच्या अहवालांत मात्र तो बराच काळ सुखाने नांदला.

हे चक्र मोडणारा सर्वांत स्वच्छ पुरावा लंडनचा आहे. तेथील योजना जुलै २०१० मध्ये सुरू झाली. नोंदणी केलेल्या सदस्यांच्या पत्त्यांचा अभ्यास करून फ्लोरा ओगिल्व्ही व ॲना गुडमन यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, दुर्बल विभागांतील रहिवाशांच्या फेऱ्या कमी दिसतात, त्याचे कारण ती माणसे ठाण्यांच्या जवळ राहत नाहीत. ठाण्यापासूनचे अंतर जमेस धरले, तर त्या विभागांतील सदस्य इतरांहून अधिकच सायकल चालवितात. त्याच वर्षी योजना पूर्व लंडनच्या गरीब भागात वाढविण्यात आली. गुडमन यांनी जेम्स चेशर यांच्यासमवेत २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढील अभ्यासात आढळले की, सदस्यांच्या एकूण फेऱ्यांत अतिदुर्बल विभागांतील रहिवाशांचा वाटा शेकडा ६ वरून १२ वर गेला. मात्र जानेवारी २०१३ मध्ये दर दुप्पट झाले, दिवसाचा एक पौंडाचा दोन आणि वर्षाचा ४५ चा ९०. आणि ठाणे दारात आणून जे साधले होते, त्यातील काही भाग दराने हिरावून घेतला जाण्याचा धोका त्या लेखकांनी नोंदविला. ठाणे आले तशी माणसे आली. ‘त्यांना सायकलची आवडच नाही’ या विधानास याहून सरळ उत्तर नाही.

अमेरिकेतही सायकल ही केवळ सुखवस्तूंची हौस आहे, असे मानण्यास आधार नाही. जनगणना विभागाने २००८ ते २०१२ या काळातील माहितीवरून काढलेल्या अहवालात, कामावर सायकलने जाणाऱ्यांचे प्रमाण देशभरात शेकडा ०.६ होते; परंतु वर्षाला दहा हजार डॉलरांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांत ते १.५ होते, आणि उत्पन्नाच्या सर्व गटांत हेच सर्वांत मोठे. हॉटेलातील भांडी घासून मध्यरात्री परतणारा मेक्सिकन मजूर जुन्या सायकलवरून पदपथाच्या कडेने जातो. तो सायकलस्वारांच्या संघटनेचा सभासद नसतो आणि सायकलविषयक सभांना येत नाही. अमेरिकी अभ्यासकांनी अशांना ‘अदृश्य सायकलस्वार’ म्हटले आहे. अदृश्य कोणाला, हा प्रश्न येथेही विचारण्यासारखा आहे.

फिलाडेल्फिया शहराचा प्रयोग या सर्व पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. तेथील ‘इंडिगो’ योजना एप्रिल २०१५ मध्ये सुमारे सहाशे सायकलींनिशी सुरू झाली. इतर शहरांनी आधी योजना काढली आणि मागाहून सवलती जोडल्या; फिलाडेल्फियाने पहिल्या दिवसापासून रोख पैसे स्वीकारले. सदस्याने नाव नोंदवावे, एक संकेतपट्टी मिळवावी आणि ती घेऊन कोपऱ्यावरच्या ठरावीक साखळी दुकानांत जावे. दुकानदार पट्टी वाचून रोख रक्कम घेतो आणि खाते चालू होते. वर्षाच्या एकरकमी वर्गणीऐवजी पंधरा डॉलरांची मासिक वर्गणी ठेवली आणि प्रत्येक फेरीस एक तास दिला. २०१६ मध्ये, ज्यांच्याजवळ पेन्सिल्व्हेनिया राज्याचे अन्नसाहाय्य वगैरेंसाठी दिले जाणारे कार्ड आहे, त्यांना ती वर्गणी पाच डॉलरांवर आणली. या शेवटच्या तरतुदीतील शहाणपण दराइतकेच पुराव्यात आहे. गरिबी सिद्ध करण्यासाठी नवे कागद मागितले नाहीत. जे कार्ड खिशात आधीच आहे, तेच पुरे मानले. सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभे राहिलेल्या कोणालाही या एका गोष्टीचे मोल सांगावे लागणार नाही.

शिकागोने जुलै २०१५ मध्ये पाच डॉलरांत वर्षभराचे सदस्यत्व देऊ केले. त्यासाठी आर्थिक सल्ला देणाऱ्या स्थानिक केंद्रांत प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवावे लागे. न्यूयॉर्कने सार्वजनिक घरकुलांतील रहिवाशांस आरंभापासूनच ९५ ऐवजी ६० डॉलर आकारले होते. ही सवलत असूनही सदस्य फारसे मिळाले नाहीत, तेव्हा ‘दर कमी केला तरी येत नाहीत’ असे उद्गार निघू लागले. येथे पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचा अभ्यास उपयोगी पडतो. नेथन मॅकनील, जेनिफर डिल आणि त्यांचे सहकारी यांनी फिलाडेल्फिया, शिकागो व ब्रुकलिन येथील अशा वस्त्यांतील रहिवाशांची पाहणी करून २०१७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निघालेल्या गोष्टी साध्या आहेत. सार्वजनिक सायकलीविषयी बहुतेकांचे मत अनुकूल होते. वाहनांच्या गर्दीत जीव जाईल ही भीती सर्व वर्णांच्या व सर्व उत्पन्नांच्या लोकांत सर्वांत पुढे होती. परंतु अल्प उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक इत्यादी रहिवाशांत तिच्या जोडीला खर्चाची, आणि सायकल हरवली वा मोडली तर आपल्यावर काय येईल याची चिंता इतरांहून पुष्कळ अधिक होती. आणि सवलतीची योजना आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हते.

‘हरवली तर’ ही चिंता भाषाभ्यासकाने जरा थांबून पाहावी अशी आहे. सायकल घेताना जो करार मान्य करावा लागतो, तो दीर्घ असतो आणि कायद्याच्या भाषेत असतो. ‘परत न केल्यास सदस्य जबाबदार राहील’ या स्वरूपाचे कलम त्यात असतेच. सुशिक्षित मध्यमवर्गीय ते वाचत नाही. वाचले तरी त्याला ते औपचारिक वाटते, कारण अशी शेकडो कलमे त्याने मान्य केली आहेत आणि एकही त्याच्यावर कधी उलटलेले नाही. ज्याने हप्त्यावर घेतलेले कपाट एक हप्ता चुकताच उचलून नेलेले पाहिले आहे, त्याच्या दृष्टीने तेच वाक्य धमकी असते आणि ती अक्षरशः घ्यावयाची असते. शब्द एकच, वाक्यरचना एकच. उच्चाराचे कार्य मात्र दोन ठिकाणी दोन. करार स्पॅनिशमध्ये किंवा आणखी कोणत्या भाषेत उतरविला म्हणजे भाषेचा अडथळा दूर झाला, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे. भाषांतर चांगले झाले, तर धमकी अधिक स्पष्ट होईल, एवढेच. हजार डॉलर हा आकडा भाषांतराने लहान होत नाही.

या चिंतेला यंत्राकडूनही खतपाणी मिळते. सायकल ठाण्यावर नुसती ढकलून भागत नाही. ती नीट अडकली म्हणजे हिरवा दिवा लागतो. दिवा न लागता सायकल तशीच सोडली, तर फेरी चालूच राहते आणि मिनिटांचे पैसे चढत जातात. ठाणे भरलेले असेल, तर पुढचे शोधावे लागते. मध्यवर्ती भागात ते दोन चौकांवर असते. शहराच्या कडेला, जेथे ठाणी विरळ, तेथे तेवढ्यात मुदत टळते. नियम सर्वांना सारखा असला तरी जादा आकार कोणाच्या माथी अधिक बसेल, हे ठाण्यांच्या नकाशावरून सांगता येते.

पोलिसांचा अडथळा वेगळ्या जातीचा आहे आणि तो कोणत्याही सवलतीने हटत नाही. फ्लॉरिडातील टॅम्पा येथे सायकलस्वारांना दिव्यावाचून जाणे, डबलसीट नेणे अशा कारणांवरून थांबविण्याचा जो प्रघात पडला होता, तो एका स्थानिक वृत्तपत्राने २०१५ मध्ये उजेडात आणला. संघराज्याच्या न्याय विभागाने चौकशी केली. २०१६ च्या त्याच्या अहवालाप्रमाणे, थांबविलेल्या सायकलस्वारांत शेकडा ७३ कृष्णवर्णीय होते. शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा २६ होते. सिअ‍ॅटल ज्या किंग परगण्यात आहे, तेथे शिरस्त्राणाची सक्ती होती. २०१४ मध्ये सुरू झालेल्या तेथील ठाण्यांच्या योजनेला शिरस्त्राणेही पुरवावी लागली आणि ती योजना २०१७ मध्ये बंद पडली. पुढे या सक्तीचा दंड बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवर प्रमाणाबाहेर पडतो असे दिसून आल्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये ती सक्तीच रद्द करण्यात आली. ज्या मुलाला आई सांगते की पोलिसाला थांबविण्याचे निमित्त देऊ नकोस, त्याला निळीशार, क्रमांक घातलेली, दुसऱ्याच्या मालकीची सायकल घेऊन रस्त्यावर जाण्यास सांगणे किती अवघड आहे, हे प्रश्नावलीच्या चौकटीत सहसा उतरत नाही.

याखेरीज एक अविश्वास आहे, त्याला इतिहास आहे. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे नॉर्थ विल्यम्स अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता जुन्या कृष्णवर्णीय वस्तीतून जातो. तेथील सायकलमार्ग रुंद करण्याची योजना २०११ च्या सुमारास पुढे आली, तेव्हा रहिवाशांनी विचारले की, आमची मुले या रस्त्यावरून शाळेत जात होती तेव्हा सुरक्षिततेची आठवण का झाली नाही? भाडी वाढली, जुनी कुटुंबे गेली, नवी श्वेतवर्णीय कुटुंबे आली आणि मग रंगीत पट्टे आले, असा त्यांचा अनुभव होता. अशा वस्तीत सायकलचे ठाणे हे वाहन म्हणून दिसत नाही, चिन्ह म्हणून दिसते. ‘हे आपल्यासाठी नाही’ हे वाक्य ज्या पाहण्यांत उत्तर म्हणून येते, त्यांत ते आवडनिवड म्हणून नोंदले जाते. वस्तुतः ते परिस्थितीचे वाचन आहे आणि अनेकदा अचूक वाचन आहे.

मग उपयोगी काय पडले? जेथे थोडेफार यश आले, तेथे माहिती आणि हमी या दोन्ही गोष्टी ओळखीच्या माणसाकडून आल्या, असे दिसते. फिलाडेल्फियात वस्तीतील रहिवाशांनाच प्रचारक म्हणून नेमले गेले. त्यांनी चर्च, बाजार, मेळावे येथे जाऊन नावनोंदणी केली आणि सोबत सायकल चालवून दाखविली. प्रौढांसाठी संगणकाचे प्राथमिक शिक्षण आणि सायकलस्वारी असा एकत्र वर्गही काढण्यात आला; नावनोंदणी संगणकावर होत असल्याने ही जोडी दिसते तितकी विचित्र नाही. ब्रुकलिनमध्ये बेडफर्ड-स्टायव्हेसंटच्या पुनरुज्जीवनासाठी दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थेने हे काम अंगावर घेतले. छापील पत्रकाने जे साधले नाही, ते शेजारणीच्या ‘मी महिनाभर चालवते आहे, काही पैसे कापले गेले नाहीत’ या एका वाक्याने साधते. हजार डॉलरांच्या कलमाला उतारा कलमाने मिळत नाही, साक्षीने मिळतो.

हे ऐकताना महाराष्ट्रातील वाचकाला भाड्याच्या सायकलींची दुकाने आठवल्यावाचून राहणार नाहीत. गावोगावी आणि पुण्यासारख्या शहरात पेठापेठांतून ती होती. तासावर सायकल मिळे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई. तारण म्हणजे ओळख. ‘अमक्याचा मुलगा’ एवढे पुरे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण ओळखीला जात होती, आळी होती, आणि अनोळखी माणसाला तेथेही सायकल मिळत नसे. मुलींना ती कितपत मिळे, हाही प्रश्न आहेच. पण तारणाचे दुसरे प्रकार असू शकतात, हे त्यावरून दिसते.

पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि औंध परिसरात भाड्याच्या सायकली आल्या. २०१८ मध्ये चिनी कंपन्याही उतरल्या. ठाणे नाही, नाणे नाही, कार्डही नाही. भ्रमणध्वनीवरून कुलूप उघडायचे आणि त्याच्यावरूनच पैसे द्यायचे. त्यांपैकी ‘ओफो’ ही कंपनी त्याच वर्षी देशातून निघून गेली आणि पेडलच्या सायकलींचा तो सुकाळ फार काळ टिकला नाही. मोडलेल्या कुलपांच्या व टाकून दिलेल्या सायकलींच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. लोकांना सार्वजनिक वस्तूची किंमत नाही, असा त्यांचा सूर होता. त्याच शहरात पहारेकरी, घरकाम करणाऱ्या बायकांचे नवरे, बांधकामावरचे मजूर स्वतःच्या जुन्या सायकली रोज चालवीत होते. नवीन सायकल त्यांच्यासाठी होती की नव्हती, हे विचारलेले आढळत नाही.

असा प्रश्न मराठीतून विचारावयाचा झाल्यास त्याची मांडणी हा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा विषय आहे. इंग्रजी प्रश्नावलीतील ‘आपण ही सेवा का वापरत नाही?’ हे वाक्य शब्दशः घेतले, तर उत्तरदात्याला स्वतःचा दोष शोधावा लागतो आणि तो सभ्यपणे ‘वेळ नाही’ किंवा ‘गरज पडली नाही’ असे सांगून मोकळा होतो. ‘वापरता येईल असे कोणी सांगितले होते का, कोणी?’, ‘मोडली तर कोणाला भरून द्यावे लागेल असे वाटते, आणि किती?’, ‘रात्री कामावरून येताना घेतली तर कोणी अडवील का?’ या प्रश्नांत कर्ता बदलतो. यांतील पहिला प्रश्न सर्वांत आधी विचारणे बरे, कारण ज्याला सेवा असल्याचे ठाऊकच नाही, त्याच्या बाबतीत पुढचे दोन प्रश्न अजून उद्भवलेलेच नसतात.